एक किलो धान्य वाढवायचे तर

अन्नसुरक्षा कायदा २०१३ सालचा. प्राधान्य कुटुंबात माणशी महिन्याला ५ किलो धान्य आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो, हा त्याचा किमान हक्क. तो माणशी एका किलोने वाढवला तर खर्च किती?

लाभार्थी सुमारे ८० कोटी. माणशी १ किलो, बारा महिने, म्हणजे ९६ लाख टन. तांदूळ खरेदी, साठवण आणि वाहतूक धरून सरकारला किलोमागे अंदाजे ४० रुपयांना पडतो. म्हणजे वर्षाला ३८ हजार कोटींच्या आसपास. गहू दिला तर बरेच कमी. कोविडकाळात माणशी ५ किलो जादा धान्य २८ महिने दिले गेले, त्याचा खर्च ३.९१ लाख कोटींच्या घरात गेला.

पण ३८ हजार कोटींचा आकडा जसाच्या तसा घेऊ नये. गोदामांत राखीव मर्यादेहून जास्त तांदूळ पडून असतो, तेव्हा त्याचे भाडे, व्याज आणि नासाडी सरकार भरतच असते. तोच तांदूळ वाटला तर खरा जादा बोजा कागदावरच्यापेक्षा कमी पडतो.

मला मात्र वाढीव किलोपेक्षा नवी नावे जास्त महत्त्वाची वाटतात. लाभार्थ्यांची मर्यादा अजून २०११च्या जनगणनेवर ठरते. लोकसंख्या वाढली, कोटा तिथेच राहिला. नव्या माणसाला वर्षाचे ६० किलो द्यायला सुमारे २,४०० रुपये लागतात. त्याच ३८ हजार कोटींत १५ कोटींहून अधिक माणसे रेशनच्या यादीत येऊ शकतात.