एसएसडी मंदावते कशी, सुधारते कशी

शेंद्रा एमआयडीसीत तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्यातला सर्व्हर सहसा बंद होत नाही. त्यामुळे त्यातल्या एसएसडीचे वयही भराभर वाढते. या ड्राइव्हमध्ये फिरणारी तबकडी नसते. माहिती फ्लॅश पेशींत विद्युतभार म्हणून राहते. भरलेल्या पेशीवर थेट लिहिता येत नाही, आधी पेशींचा अख्खा गट पुसावा लागतो. म्हणूनच ड्राइव्ह भरत आली की लेखन रखडते.

सॅमसंगच्या ८४० इव्होचे दुखणे वेगळे होते. तिच्या एका पेशीत तीन बिट साठत. काळाबरोबर भार सरकत जाई आणि बरेच दिवस पुन्हा न लिहिलेली फाइल वाचताना वेग कोसळे. ऑक्टोबर २०१४ मधले फर्मवेअर, म्हणजे ड्राइव्ह चालवणारे तिच्या आतले सॉफ्टवेअर, पुरले नाही; एप्रिल २०१५ मध्ये आलेले दुसरे फर्मवेअर जुनी माहिती अधूनमधून नव्याने लिहू लागले. इलाज खरा, पण वीज असेल तरच चालणारा.

याहून गंभीर प्रकरण सर्व्हर बनवणाऱ्या एचपीईचे. कंपनीच्या काही एसएएस एसएसडी ३२,७६८ तासांनी, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तासांनी, माहितीसकट कायमच्या निकामी होणार होत्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये कंपनीने इशारा आणि नवे फर्मवेअर दिले. एकाच दिवशी सुरू केलेल्या ड्राइव्ह जवळपास एकत्रच बंद पडणार, हा खरा धोका. मग माहिती अनेक ड्राइव्हवर राखणारी रेड रचनाही वाचवत नाही.

बहुतेक एसएसडींचे चालू तास आणि फर्मवेअरचा क्रमांक क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये दिसतात. ते आजच पाहा, आणि आधी बॅकअप घेऊन मगच फर्मवेअर बदला.