स्तन काढल्यानंतर : ब्लाऊजच्या आतला प्रश्न

गाठ कशी तपासावी, डॉक्टरांकडे कधी जावे, हे आता शिबिरांतून पुष्कळदा सांगितले जाते. ऑपरेशन झाल्यावर पुढे काय, याबद्दल मात्र कोणी बोलत नाही. टाके निघतात, केमो संपते, शेक संपतो, घरचे म्हणतात, "चला, ताई बरी झाली." आणि ताई नळावर जाताना पदर घट्ट ओढून घेते, एक खांदा पुढे झुकवून चालते, बुद्ध पौर्णिमेला विहारात यायचे टाळते. विचारले तर म्हणते, अंग दुखतं. खरे कारण पांढरी साडी असते. पातळ पांढऱ्या कापडात एक बाजू सपाट दिसते.

म्हणून आज कृत्रिम स्तनाविषयी. दुकानात याला प्रोस्थेसिस किंवा ब्रेस्ट फॉर्म म्हणतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. तो वापरलाच पाहिजे असे नाही. काही भगिनी सपाट छातीनेच राहतात, आणि त्यात कमी काही नाही. निर्णय त्या बाईचा. नवऱ्याचा नाही, सासूचा नाही, "लोक काय म्हणतील"चा तर मुळीच नाही. पण वापरायचा असेल तर योग्य तो मिळावा, एवढेच आमचे म्हणणे.

ऑपरेशननंतर लगेच जड काही घालायचे नसते. जखम ओली असते, काखेत दुखते. या काळात फोमचा किंवा फायबर भरलेला हलका, मऊ फॉर्म सैल सुती ब्रामध्ये चालतो, तोही डॉक्टरांना विचारून. सिलिकॉनचा जड फॉर्म साधारण दीड-दोन महिन्यांनी, जखम पूर्ण भरल्यावर. शेक चालू असेल तर तो संपून कातडी निवेपर्यंत थांबावे. घाईने विकत घेतलेला फॉर्म पुष्कळदा मापाचा निघत नाही, कारण सूज उतरल्यावर अंगाचा आकार बदलतो.

सिलिकॉन महाग, काही हजारांत जातो. मग त्यात विशेष काय? वजन. ज्यांची छाती भरलेली आहे त्यांना एका बाजूचे वजन गेल्याचे पाठीत आणि मानेत जाणवू शकते. सारख्या वजनाचा फॉर्म जागेवर राहतो, हलका फॉर्म वर सरकतो. छाती लहान असेल तर हलक्या फॉर्मवरही छान भागते. उगाच कर्ज काढू नका.

घेताना आरशासमोर नुसते उभे राहून पाहू नका. वाका. वंदनेला बसतो तसे गुडघ्यांवर बसा, पंचांग प्रणाम करा, हात वर करून फळीवरचा डबा काढल्यासारखे करा. फॉर्म बाहेर डोकावला किंवा गळ्याकडे आला तर माप किंवा ब्रा चुकीची आहे. पट्टा रुंद हवा. काखेतल्या गाठी काढलेल्या असतात, त्या बाजूला खांद्यात रुतणारा पट्टा नको. हात सुजला, जड वाटला, तर फॉर्म बदलत बसू नका, डॉक्टर गाठा. व्रणावर लाली, पुरळ किंवा नवी गाठ दिसली तरी तेच.

आपल्या खान्देशात आणखी एक अडचण, उन्हाळा. जळगावात पारा ४५च्या वर जातो तेव्हा सिलिकॉनखाली घामाच्या धारा लागतात. सुती कव्हर घाला, रोज साध्या साबणाने धुवा, कोरडा करा, रात्री त्याच्या डब्यात ठेवा. आणि पदराची पिन! ती सिलिकॉनमध्ये घुसली की हजारो रुपये गेले. पिन खांद्यावर, वरच्या बाजूलाच लावा.

पुष्कळ घरांत ब्लाऊजमध्ये रुमाल नाहीतर कापूस कोंबला जातो. कापूस आपल्याकडे घरचा, पण धुतला की त्याचे गोळे होतात. काही जणी वजनासाठी मोहरी किंवा बाजरी भरतात. घामाने ओल धरते, कीड लागते. त्यापेक्षा उशीतला फायबर घ्या, मऊ सुती कापडाची कटोरी शिवा, आणि वजनासाठी धुता येतील असे गुळगुळीत मणी वेगळ्या छोट्या पिशवीत घालून तळाशी टाका. ब्रा महागडी घ्यायची गरज नाही. नेहमीच्या सुती ब्राला आतून खिसा शिवून घेतला की झाले. वस्तीत शिलाई मशीन असलेली एखादी ताई असतेच. पुरुष शिंप्याकडे जायला नको वाटते, हे आम्हाला ठाऊक आहे.

बाईच्या गरजेची वस्तू बाईने केली की ती नेमकी होते. बार्बी बाहुली बनवणाऱ्या अमेरिकेच्या रूथ हँडलर यांचा स्तन १९७० मध्ये काढावा लागला. बाजारातले फॉर्म त्यांना पटेनात, म्हणून त्यांनी स्वतःच बनवायला घेतले, डाव्या बाजूचा वेगळा, उजव्या बाजूचा वेगळा. पुढे सुती दोऱ्याचे विणलेले फॉर्म आले. आपल्या देशात साईशा इंडिया फाउंडेशन या संस्थेच्या स्वयंसेविका असे फॉर्म हाताने विणतात आणि गरजू भगिनींना मोफत देतात. हलके, धुता येणारे, उन्हाळ्याला सोयीचे. क्रोशाकाम येणाऱ्या मुली आपल्या वस्त्यांतही कमी नाहीत.

आता पैशाचे. महात्मा फुले जन आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत जुलै २०१२ मध्ये, तेव्हाच्या राजीव गांधी जीवनदायी या नावाने, सर्वांत आधी सुरू झाली, त्यांत धुळे होते. जळगावला ती नंतर, २०१३ मध्ये आली. योजनेतील रुग्णालयात स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन, केमो आणि शेक होतो. भरती होतानाच तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. कृत्रिम स्तनासाठी मदत मिळेल का, हे त्याला आणि रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना स्पष्ट विचारा. हा शब्द उच्चारायला लाजू नका, ते त्यांचे रोजचे काम आहे. योजनेची हेल्पलाइन १५५३८८ आहे.

परळच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्यांनी रेल्वेची सवलत सोडू नये. उपचाराला किंवा तपासणीला जाताना कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण सूट आहे, सोबत्याला ७५ टक्के. रुग्णालयाचे ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र लागते. राहायला दादरला संत गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथे उतरतात. तपासणीच्या त्याच फेरीत फॉर्मचे माप घेण्याचेही विचारून ठेवा, म्हणजे त्यासाठी वेगळे तिकीट आणि वेगळा खाडा पडणार नाही. जाताना अंगाला नीट बसणारी रोजची ब्रा आणि एक पातळ ब्लाऊज पिशवीत टाका. माप त्यावरच बघायचे.