आग विझवणाऱ्यांची दरसालची उजळणी कशासाठी?



गळीत हंगाम तोंडावर आला, की बॉयलर अग्निप्रदीपनाच्या अगोदर अग्निशामक विभागाच्या जवानांना धोकादायक पदार्थांविषयी उजळणी प्रशिक्षण दिले जाते. गटावर फिरताना काही सभासद आम्हांस विचारतात, "साहेब, ही माणसं गेल्या सालीच शिकली ना? मग दरसाल तोच खर्च कशापायी?" प्रश्न रास्त आहे. पैसा सभासदांच्या उसाचा आहे, तेव्हा हिशेब विचारण्याचा हक्कही त्यांचाच. आमचे खाते उसाचे असले तरी सभासदांशी रोजची गाठ आमचीच पडते, म्हणून हा खुलासा आम्ही करीत आहोत.

आग म्हटली की पाणी, एवढे आपणां सर्वांस ठाऊक आहे. उसाच्या फडाला किंवा बगॅसच्या ढिगाला ते लागूही पडते. पण साखर कारखाना व आसवनी मिळून जे आवार होते, तेथे प्रत्येक पदार्थाची जात निराळी असते. साखर पांढरी करण्यासाठी गंधक जाळून जो वायू तयार करतात, तो हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो जमिनीलगत, सखल भागाकडे सरकतो आणि डोळे व छाती जाळतो. बाष्पपात्रे धुण्याच्या कॉस्टिकवर नुसते पाणी ओतले तर ते तापून अंगावर उडते.

इथेनॉलचे तर तंत्रच वेगळे. त्याची ज्योत फिकट निळसर असते. भर उन्हात ती डोळ्यांना नीट दिसतही नाही. पाण्यात ते पूर्ण मिसळते आणि बरेच पाणी मिसळले तरी पेट घेऊ शकते. पेट्रोलच्या आगीवर वापरतात तो साधा फेस इथेनॉलवर टिकत नाही, फुटून जातो. त्यासाठी अल्कोहोलला दाद न देणारा खास फेसच लागतो. कोणता फेस कोठे ठेवला आहे, पाण्यात किती मिसळायचा, हे ऐन वेळी वाचत बसता येत नाही. ते हाताला सवयीचे असावे लागते.

आता दरसाल का, ते पाहू. उसाचे उदाहरण घ्या. लागण जोमात येते, खोडवा काळजी घेतली तर बरा येतो, निडव्याला उतारा घटतो, आणि त्यापुढे तेच खोड ठेवले तर रान अडकून पडते. शिकलेल्या कामाचेही तसेच आहे. जे काम रोज करावे लागत नाही, ते हात विसरतात. शिवाय वर्षभरात माणसे बदलतात, नवे साहित्य येते, आवारात नवी टाकी किंवा नवी पाइपलाइन पडते. गेल्या सालचा नकाशा डोक्यात ठेवून यंदाच्या आगीत शिरणे धोक्याचे.

ज्या कारखान्यांना १९८९ चे धोकादायक रसायनांचे नियम लागू होतात, त्यांनी आपल्या आपत्कालीन योजनेची रंगीत तालीम दर सहा महिन्यांनी घ्यावी असे बंधन आहे. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर आपल्याकडे असे नियम कडक झाले. अमेरिकेतही अशा अपघातांवर जाणाऱ्या माणसांनी दरवर्षी उजळणी करावी किंवा आपले कसब सिद्ध करून दाखवावे, असा नियम आहे.

न शिकता गेल्याची किंमत काय असते? १७ एप्रिल २०१३ रोजी अमेरिकेच्या टेक्सास राज्यात वेस्ट नावाच्या लहान गावी खताच्या गोदामाला आग लागली. आत अमोनियम नायट्रेट होते. गावचे स्वयंसेवक जवान आग विझवण्यास धावले आणि काही मिनिटांतच स्फोट झाला. १५ माणसे गेली, त्यांतली १२ मदतीला धावलेली होती. अशा पदार्थांविषयी जवानांना पुरेसे प्रशिक्षण नव्हते, असे पुढे चौकशीत नमूद झाले. (आपण वापरतो तो युरिया वेगळा, हे ध्यानात असू द्यावे.) आपल्या मुंबईतही १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या दारूगोळा भरलेल्या बोटीवरची आग विझवताना स्फोट होऊन ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात.

उजळणीत पहिला धडा थांबण्याचा असतो. वारा कोणीकडचा आहे ते पाहायचे, वारा पाठीशी घ्यायचा, उंचवट्यावर उभे राहायचे आणि पदार्थ कोणता ते लांबूनच ओळखायचे. टँकरच्या पाट्यांवर चार आकडी क्रमांक असतो. इथेनॉलचा ११७०, पेट्रोलचा १२०३. मग जागेभोवती तीन कडी आखायची. आतल्या कड्यात फक्त पूर्ण पोशाखातले जवान, मधल्यात त्यांना धुऊन काढण्याची सोय, बाकी सगळे बाहेर. बी.ए. सेट, म्हणजे पाठीवरच्या हवेच्या नळकांड्याचा संच, ठराविक वेळात चढवता आला पाहिजे. नळकांडे नावाला अर्धा-पाऊण तासाचे. धावपळीत हवा त्याआधीच संपते. दाढी वाढलेली असेल तर मुखवटा नीट बसत नाही. म्हणून त्या दिवशी दाढीचीही तपासणी होते, त्यात हसण्यासारखे काही नाही.

सर्वांत महत्त्वाचा धडा बंद टाकीचा, आणि तो सभासदांनीही शिकावा असा आहे. आंबवण टाकीत, मळीच्या टाकीत, गोबरगॅसच्या खड्ड्यात, पडून असलेल्या विहिरीत हवा मारक असू शकते. तिला कधी वासच नसतो. कधी नासक्या अंड्यासारखा येतो, पण वायू वाढला की नाकच बधिर होते आणि वास गेलासा वाटतो. एक खाली पडतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, भावामागे शेजारी. अशी एकाच घरची दोन-दोन, तीन-तीन माणसे गेल्याच्या बातम्या आपण दरसाल वाचतो. त्यांना कमी पडले ते धैर्य नव्हे, हवा.

तरी सभासदांना विनंती अशी :

१. खड्ड्यात, टाकीत किंवा विहिरीत कोणी बेशुद्ध दिसल्यास दुसऱ्याने उतरू नये. आरडाओरडा करून माणसे जमवावी व ११२ किंवा १०१ ला फोन करावा.

२. गोबरगॅसच्या खड्ड्यात हवा तपासण्यासाठी पेटता दिवा सोडू नये, स्फोट होईल.

३. रस्त्यात टँकर उलटल्यास कॅन-बादल्या घेऊन धावू नये. विडी-काडी लांब ठेवावी, ट्रॅक्टरचे इंजिन बंद करावे, वाऱ्याच्या वरच्या अंगाला जावे आणि पाटीवरचा क्रमांक लांबून दिसला तर तो फोनवर सांगावा.

४. कीटकनाशके खाण्यापिण्याच्या वस्तूंजवळ वा चुलीजवळ ठेवू नयेत. डब्यावरचे लेबल फाडू नये. आग लागली तर जवानांना तेच कामी येते.

५. तालमीच्या दिवशी भोंगा वाजला, तर उसाच्या गाड्या घेऊन आलेल्यांनी सुरक्षारक्षक सांगेल त्या बाजूला जावे. "नंबर जाईल" म्हणून गाडीपाशी अडून राहू नये.

आग विझवणारा जवान बहुधा आपल्याच शिवारातला, कुणा सभासदाचाच मुलगा असतो. तो सकाळी कामावर जातो तसा संध्याकाळी घरी यावा, याकरिता हे चार दिवस आणि हा खर्च आहे. याउपर कोणास शंका असल्यास गट कार्यालयात जरूर विचारावे.

— ऊस विकास अधिकारी