भांडी त्यांची, काजळी आपली

युरोपचा कार्बन सीमाकर १ जानेवारी २०२६ पासून खऱ्या अर्थाने सुरू झाला आणि आपल्याकडच्या पोलाद-ॲल्युमिनियमच्या निर्यातदारांनी कपाळाला हात लावला. तो वाद वाचकांना ठाऊकच आहे. मला मात्र वेगळीच गोष्ट खटकते. या कराच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइड आहे, काही मालासाठी आणखी एक-दोन वायू आहेत. काजळी कुठेच नाही.

आणि काजळी कुठे निघते, यालाच तर महत्त्व! कार्बन डायऑक्साइड बर्लिनमध्ये सोडा की बरेलीत, पृथ्वी तेवढीच तापते. काजळी हवेत काही दिवस, फार तर एखाद-दोन आठवडे टिकते आणि मग खाली बसते. कारखाना ऱ्हाइनकाठावरून गंगेच्या मैदानात आला की शेजार हिमालयाचा. ताजा बर्फ ८०-९० टक्के ऊन परत फेकतो. वर काळी पूड बसली की ते ऊन बर्फातच मुरतं. बर्फ लवकर वितळतो, खालचा जुना, मळकट थर उघडा पडतो आणि तो आणखी तापतो.

मुरादाबादचं पितळकाम घ्या. तिथल्या गल्लीबोळांतल्या भट्ट्यांत भंगार पितळ मुशीत वितळवतात, बऱ्याच ठिकाणी अजून कोळशावरच. तिथले दिवे, फुलदाण्या, नाताळची सजावट अमेरिका-युरोपच्या दुकानांत चकाचक होऊन पोचते. धूर रामगंगेकाठी राहतो. पितळ तर सीमाकराच्या यादीतही नाही.

मैदानातला धूर इतका वर चढतो कसा, अशी शंका असेल तर एव्हरेस्टच्या परिसरात, खुंबू खोऱ्यात ५,०७९ मीटरवर असलेल्या इटालियन वेधशाळेच्या २००६ पासूनच्या नोंदी पाहाव्यात. पावसाळ्याआधीच्या महिन्यांत दुपारी दरीतला वारा वर वाहू लागला की काजळीचा आकडा चढतो. रात्री वारा फिरला की उतरतो.

चीनचा हिशेब कधीच मांडून झालाय. जिंताई लिन आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या अभ्यासानुसार, २००६ मध्ये चीनमध्ये निघालेल्या काजळीपैकी १७ टक्के निर्यातीच्या मालापायी होती. म्हणजे उरलेली ८३ टक्के घरचीच, हेही खरं. आपल्याकडेही चुली, वीटभट्ट्या आणि डिझेल यांचा वाटा मोठा आहे. सगळं खापर परदेशी गिऱ्हाइकावर फोडता येणार नाही. पण स्वस्तात माल उचलायचा, धुराबाबत नामानिराळं राहायचं आणि वर हिमनद्या वाचवण्याच्या परिषदा भरवायच्या, हा शहाजोगपणा झाला.

भट्टी सुधारली की हवेतली काजळी काही आठवड्यांत ओसरते. कार्बन डायऑक्साइडला शतकं लागतात. इतक्या लवकर पदरात पडणारा दुसरा उपाय क्वचितच सापडेल. तेव्हा युरोपशी बोलणी करताना आपल्या वाणिज्य मंत्रालयाने नुसती करात सूट मागत बसू नये, भट्ट्या बदलण्याचे पैसे मागावेत. तो खर्च फुलदाणीच्या किमतीत गिऱ्हाइकाने द्यावा. कारागिराच्या मजुरीतून कापला जाऊ नये.