‘मानीव’ म्हणजे काय? कायद्यातील नवे शब्द आणि शेतकरी

कचेरीतून आलेल्या नोटिशीत जो शब्द शेतकऱ्यास कळत नाही, तोच बहुधा त्या नोटिशीतील सर्वांत महत्त्वाचा शब्द असतो, असा महसूल खात्यातील आमचा अनुभव आहे. बाकीचे शब्द त्याच्या ओळखीचे असतात. गावाचे नाव, गट नंबर, आकार, तारीख हे त्यास वाचून दाखविले म्हणजे पुरते. अडते ते एका नव्या शब्दापाशी. अशा शब्दांपैकी ‘मानीव’ या एका शब्दाविषयी आज थोडे विस्ताराने लिहावयाचे योजिले आहे. त्याचे कारण पुढे येईलच.

कोकणातील एका तालुक्याच्या कचेरीत आम्ही कारकून असताना एक वृद्ध कूळ हातात नोटीस घेऊन आमच्या मेजापाशी आले. नोटीस शेतजमीन न्यायाधिकरणाची होती. सदर इसम हे जमिनीचे ‘मानीव खरेदीदार’ असल्याने किंमत ठरविण्याकरिता त्यांनी अमुक दिवशी हजर राहावे, असा तीतील मजकूर होता. त्यांनी विचारले, “भाऊसाहेब, मानीव म्हणजे मानलेला ना? जसा मानलेला भाऊ?” आम्ही कामाच्या घाईत होतो. “होय बाबा, कायद्याने मानलेला,” एवढे सांगून आम्ही पुढील कागद ओढला. उत्तर शब्दशः बरोबर होते. परंतु त्या गृहस्थांनी त्याचा अर्थ आपल्या व्यवहारास धरून लावला. मानलेल्या भावास ओवाळणी मिळते, वाटणी मिळत नाही. तेव्हा हा सरकारी मानपान दिसतो, त्यासाठी भातलावणीचा दिवस कशाला मोडा, असा विचार करून ते तारखेस गेलेच नाहीत. कूळ गैरहजर, सबब खरेदी निष्प्रभ, असा निकाल झाला. पुढे त्यांच्या मुलाने प्रांतांकडे अपील करून, दोन वर्षे हेलपाटे घालून ते प्रकरण पुनः उघडविले. वडील तोवर हयात नव्हते.

आता या शब्दामागील कल्पना पाहू. १९३९ च्या कुळकायद्याने ‘संरक्षित कूळ’ ही संज्ञा आणली. तोपर्यंत कूळ म्हणजे खंड देऊन दुसऱ्याची जमीन कसणारा, मालकाच्या मर्जीचा मनुष्य. त्यास मनात येईल तेव्हा उठविता येणार नाही, ही कल्पना नवी होती. पुढे १९४८ चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम झाला, आणि त्यात मागाहून झालेल्या सुधारणेने १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला. त्या दिवशी जमीन कसणाऱ्या कुळाने ती मालकाकडून विकत घेतली आहे असे कायद्याने धरले. खरेदीखत झाले नाही, पैसे दिले गेले नाहीत, मालकाची संमती कोणी विचारली नाही. तरीही खरेदी झाली. विधवा, अज्ञान मुले, सैनिक इत्यादिकांच्या जमिनींस मात्र ही तारीख पुढे ढकलली होती, म्हणून अशी प्रकरणे आमच्या नोकरीच्या काळापर्यंत चालत आली.

जी गोष्ट प्रत्यक्षात घडली नाही ती घडली असे समजून तिचे सर्व परिणाम लागू करावयाचे, ही युक्ती इंग्रजी कायद्यातील आहे आणि तिच्यासाठी मराठीत ‘मानीव’ हा शब्द योजिला गेला. शब्द घडणीने अगदी घरचा आहे. कोरणे यापासून कोरीव, घडणे यापासून घडीव, तसा मानणे यापासून मानीव. संस्कृताचा बोजा त्यावर मुळीच नाही. नवे शब्द शेतकऱ्यास कळत नाहीत याचा सर्व दोष पंडिती संस्कृतावर घालण्याची आपल्याकडे रीत आहे. ‘मानीव’ने ती खोटी पाडली. कोरीव लेणे खरोखर कोरलेले असते, परंतु मानीव खरेदी खरोखर केलेली नसते; आणि तरीही तिची किंमत खऱ्या खरेदीपेक्षा रतिभर कमी नसते. हा पेच शब्दात मावत नाही. तो कोणीतरी तोंडाने उलगडून सांगावा लागतो, आणि सांगणारा मनुष्य म्हणजे मेजामागचा कारकून. आम्ही तेथे चुकलो.

त्या वृद्धांस आम्ही काय सांगावयास हवे होते? ते हे की, बाबा, जमीन तुमची झालीच आहे, आता फक्त किंमत ठरावयाची आहे. ती किंमत बाजारभावाने नव्हे, तर साध्या कुळास जमिनीच्या आकाराच्या २० पटींपासून २०० पटींपर्यंतच ठरविता येते. ठरलेली रक्कम भरली की कलम ३२-म चे प्रमाणपत्र मिळते, तो खरेदीचा निर्णायक पुरावा होय. त्यावरून तुमचे नाव ‘इतर हक्क’ या रकान्यातून उठून कब्जेदाराच्या जागी येते. मात्र तारखेस गेला नाहीत, अगर ‘मला घ्यावयाची नाही’ असे सांगितलेत, तर झालेली खरेदीही निष्प्रभ ठरते. एवढे बोलण्यास पाच मिनिटे पुरली असती.

राज्यकारभारास नवे शब्द घडविणे हे काही आजचे नव्हे. शिवछत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश तयार झाला व त्यात फारसी-अरबी अशा सुमारे १,४०० शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. तरीही जमीन, महसूल, तालुका, हक्क, नक्कल हे शब्द आजतागायत नांगरासारखे जमिनीत रुतून आहेत. सावरकरांनी दिनांक, महापौर असे शब्द रूढ केले. माधव जूलियन यांनीही भाषाशुद्धीचा कैवार घेतला. १९६० साली राज्याचे भाषा संचालनालय निघाले, १९६२ साली पदनाम कोश आला. आमच्या नोकरीच्या काळात हे संचालनालय येथे वांद्र्याच्या शासकीय वसाहतीतच, उपनगर जिल्हाधिकारी कचेरीच्या शेजारात होते. शब्द करणारे आणि ते शब्द नोटिशीत घालणारे यांच्यामध्ये हाकेचेच अंतर होते, हे आम्हांस नेहमी गमतीचे वाटे.

परंतु महसुलातील सर्वांत चालता शब्द कोणत्याही समितीने केलेला नाही. गाव नमुना सात हक्काचा आणि गाव नमुना बारा पिकांचा. दोन्ही एका कागदावर आले आणि लोकांनी त्यास ‘सात-बारा’ म्हटले. नुसते आकडे, पण आज त्यांत मालकी, अब्रू आणि कर्ज ही तिन्ही सामावली आहेत; ‘सात-बारा कोरा करा’ या मागणीचा अर्थ कोणासही विचारावा लागत नाही. त्याचप्रमाणे विलासराव साळुंखे यांनी १९७४ साली पुरंदर तालुक्यात नायगावास सुरू केलेली ‘पाणीपंचायत’. पाणी जमिनीच्या नव्हे तर कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात द्यावयाचे, माणशी अर्धा एकर, कुटुंबास अडीच एकरांपर्यंत, भूमिहीनासही वाटा, आणि ऊस लावावयाचा नाही. कल्पना ‘मानीव’इतकीच नवी, किंबहुना अधिक धीट. परंतु पाणीही ओळखीचे आणि पंचायतही ओळखीची, शिवाय शब्दाबरोबर पाणी प्रत्यक्ष शेतात आले, त्यामुळे कोश उघडण्याची पाळी आली नाही.

उलट, नाव बदलले व कल्पना तीच राहिली असेही होते. २०२४ साली तलाठ्यांचे ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाले. गावकरी त्यांस पूर्वीही ‘भाऊसाहेब’ म्हणत, आजही म्हणतात. अशा बदलाने कोणाचे नुकसान नाही.

नुकसान होते ते नाव जुने राहून आतील कल्पना बदलली म्हणजे. ‘पीक पाहणी’ हा शब्द आमच्या आजोबांच्या वेळचा. तलाठ्याने बांधावर यावयाचे, पीक पाहावयाचे व नमुना बारात लिहावयाचे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली. पुढे एक ‘ई’ लागला, एवढेच पुष्कळांस दिसले. वास्तविक पाहणारा बदलला आहे. आता पिकाचे छायाचित्र घेऊन मोबाईलवर नोंद करण्याची पहिली जबाबदारी खुद्द शेतकऱ्याची आहे, आणि नुकसानभरपाई, हमीभावाची खरेदी यांचे वेळी हीच नोंद पाहिली जाते. ‘भाऊसाहेब येतील’ म्हणून वाट पाहत बसलेला शेतकरी आळशी नव्हे, तो जुन्या शब्दावर विश्वासून आहे.

‘मानीव’ या शब्दाचे पुढे काय झाले? तो शेतातून निघून आमच्या वांद्र्यास आला. खार, पाली, चुईम या भागांत एके काळी गावे व शेते होती, तेथे आता सहकारी गृहनिर्माण संस्था आहेत. विकासकाने इमारत बांधून सदनिका विकल्या, पण जमीन संस्थेच्या नावे करून दिलीच नाही, अशा संस्थांसाठी ‘मानीव अभिहस्तांतरण’ आहे. जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून जमिनीचे हस्तांतरण एकतर्फी करून घेता येते. आमच्या शेजारच्या संस्थेतील एका शिकल्यासवरल्या सभासदांनी हे शब्द वाचून आम्हांस विचारले, “मानीव म्हणजे तात्पुरते का हो?” या वेळी आम्ही त्यांस घरात बोलावून बसविले, आणि चहा होईपर्यंत सर्व सांगितले.

वाचकांच्या गावी आलेल्या नोटिशींत वा आदेशांत असा न उलगडणारा शब्द आढळल्यास तो ज्या वाक्यात आला आहे त्या वाक्यासह संघाच्या पत्त्यावर लिहून पाठवावा. नोटिशीत हजर राहण्याची तारीख असेल तर मात्र आमच्या उत्तराची वाट न पाहता त्या तारखेस अवश्य जावे.