मऊ भात : नॉर्वेतला आणि डोंबिवलीतला

आजारातून उठलेल्या माणसाला, दात न आलेल्या बाळाला किंवा लोकलच्या गर्दीतून रात्री घरी परतलेल्या चाकरमान्याला काय वाढावे, याचे उत्तर ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या अनेक मराठी घरांत ठरलेले असते. मऊ भात, मेतकूट आणि वर तूप! हजारो मैल दूर असलेल्या स्कँडिनेव्हियाचे उत्तरही फारसे वेगळे नाही. नॉर्वेत ‘रिसग्रोत’ म्हणून ओळखली जाणारी तांदळाची लापशी हा तेथील हिवाळ्याचा, विशेषतः नाताळचा दिलासा होय.

आखूड दाण्याचा तांदूळ दुधात मंद आचेवर शिजवायचा. वाढताना त्यावर साखर, दालचिनीची पूड आणि मधोमध लोण्याचा गोळा ठेवायचा, एवढीच तिची कृती. नाताळात या लापशीत एक बदाम लपवला जातो. तो ज्याच्या वाट्याला येईल त्याला बदाम-साखरेच्या मिठाईचे डुक्कर बक्षीस मिळते. घर-गोठ्याच्या राखणदारासाठी, म्हणजे ‘निस्से’साठी, वाडगाभर लापशी काढून ठेवण्याची प्रथाही तिथे आहे.

दोन्ही पदार्थांमागील शास्त्र एकच. शिजताना तांदळातील पिष्टाचे कण पाणी शोषून फुगतात आणि दाणा मऊ पडतो. आंबेमोहरासारख्या आखूड दाण्याचा भात चिकट होतो, म्हणून तो आसट भाताला विशेष साजतो. असा भात चटकन पचतो, त्यामुळे रक्तातील साखरही लवकर वाढते. मधुमेहींनी तो बेतानेच घ्यावा. तूप आणि मेतकुटातील डाळी हा वेग काहीसा आवरतात.

फरक आहे तो तांदळाच्या मुळाचा. नॉर्वेत भात पिकत नाही. तिथे रोजची लापशी बार्ली आणि ओटची असे. आयात केलेला तांदूळ महाग, म्हणून तो सणाचा झाला. कल्याण-डोंबिवलीत मात्र तांदूळ दारचा होता. खाडीकाठच्या आणि आसपासच्या गावांत आगरी शेतकऱ्यांची भातखाचरे होती. त्यांपैकी कितीतरी जागी आज इमारती उभ्या आहेत. २०१५ मध्ये २७ गावे पुन्हा महापालिकेत आली. पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेला वाडा तालुका २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. तेथील ‘वाडा कोलम’ला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे त्या परिसराबाहेरच्या तांदळाला हे नाव लावता येत नाही.

शेत नसले तरी पदार्थ टिकतो, हे नॉर्वेने दाखवून दिले आहे. तेव्हा डोंबिवलीच्या ताटातून मऊ भात नाहीसा होईल, ही भीती अनाठायी ठरावी. हरवू शकते ती तांदळाची ओळख : नवा तांदूळ चिकट होतो, जुना मोकळा होतो, कोणत्या वाणाला किती पाणी लागते, हे घरगुती ज्ञान. वाण्याकडे केवळ ‘तांदूळ’ न मागता वाणाचे नाव घेऊन मागणारे गिऱ्हाईक असेल, तोवर तो वाण पिकवणाऱ्यालाही आधार राहील.