कडेला नाव मिळालं तेव्हा

१४ नोव्हेंबर १७५० रोजी बर्लिनहून लेओनार्ड ऑयलरने आपला मित्र क्रिस्टियान गोल्डबाख याला एक पत्र लिहिलं. बहुपृष्ठकांची वर्गवारी लावताना त्याला आढळलं होतं, की पृष्ठं आणि शिरोबिंदू यांची बेरीज कडांपेक्षा नेमकी २ ने जास्त भरते. शाळेत हे सूत्र एका ओळीत उरकतं. मला मात्र त्या शोधातली मोठी गोष्ट वेगळीच वाटते. दोन पृष्ठं जिथे मिळतात त्या रेषेला ऑयलरने ‘आसिएस’, म्हणजे लॅटिनमधली ‘धार’, असं स्वतंत्र नाव दिलं. युक्लिड घनाच्या कडेलाही बाजूच म्हणतो, जणू ती पृष्ठाचीच मालमत्ता.

नाव नसल्याने काय हुकतं, ते देकार्तच्या टिपणात दिसतं. ते साधारण १६३० च्या सुमाराचं. मूळ प्रत हरवली. लाइब्निट्सने १६७६ मध्ये पॅरिसला केलेली नक्कल एकोणिसाव्या शतकात सापडली. देकार्तने पृष्ठांवरचे सगळे कोन मोजले होते. ती संख्या कडांच्या बरोबर दुप्पट असते. दोनाने भागायचं तेवढं राहिलं होतं!

हा भागाकार आकाशकंदिलात हाताला लागतो. सहा चौरस कोपऱ्याला कोपरा बांधले, की मधल्या फटींत आठ त्रिकोण आपोआप उमटतात. चौरसांच्या २४ बाजू, त्रिकोणांच्याही २४. पण कामट्या लागतात २४च, कारण प्रत्येक कामटी एका चौरसाची आणि एका त्रिकोणाची सामाईक असते. पृष्ठं १४, शिरोबिंदू १२, बेरीज २६. चितीत कडा पायाच्या बाजूंच्या तिप्पट, सूचीत दुप्पट. तिथे इतकाही विचार लागत नाही.

माझा सर्वांत आवडता निष्कर्ष नकाराचा आहे: ७ कडांचा बहुपृष्ठक असूच शकत नाही. प्रत्येक कड दोन पृष्ठांच्या वाट्याला येते, म्हणजे वाटे १४. एका पृष्ठाला किमान ३ वाटे हवेत, तेव्हा पृष्ठं फार तर ४. याच हिशेबाने शिरोबिंदूही फार तर ४. बेरीज ८ च्या वर जात नाही, आणि सूत्राला तर ९ हवेत. ६ कडांची त्रिकोणी सूची आहे, ८ कडांची चौकोनी सूची आहे. मधली जागा कायमची रिकामी.

ऑयलरने कोपरे छाटत छाटत दिलेली सिद्धता अपुरी ठरली. निर्दोष सिद्धता लजाँद्रने १७९४ मध्ये गोलाच्या पृष्ठावरच्या भूमितीतून दिली. पुढे कोशीने एक पृष्ठ काढून उरलेली आकृती सपाट पसरली. सिद्धता होऊनही प्रश्न मिटला नाही, आणि ते फार बरं झालं. १८१३ च्या सुमारास ल्युइलिए या स्विस गणितज्ञाने आरपार भोक असलेल्या घनाकृती पुढे केल्या. फोटोची लाकडी चौकट घ्या, कोपरे तिरके कापून जोडलेली. चार पट्ट्यांची पृष्ठं १६, शिरोबिंदू १६. लांबीच्या कडा १६, सांध्यांवरच्या आणखी १६, एकूण ३२. इथे २ चा फरकच नाही. चौकटीत आणखी एक आडवी पट्टी ठोकून दोन खिडक्या केल्या, की कडाच २ ने वरचढ होतात.